मैंदर्गीचं दार, चिंचोळीचं कुलूप

चाचा,

तुम्हाला खांद्यावर घेऊन सगळे पुरुष कब्रस्तानाकडे निघाले, तेव्हा मी तुमच्या डार्करूमच्या दाराशी उभी होते. बायकांनी मागे थांबायचं, यावरून एरवी मी रस्त्यात भांडण काढलं असतं. त्या दिवशी सुचलंच नाही. माझी भांडणं ऐकून घेणारा माणूसच निघाला होता. चाची म्हणाली, "बेटा, अंदर की दवा फेक दे. पाहुण्यांची लेकरं आलीत, कोण तरी तोंडाला लावंल." मी दार ढकललं. आत लाल दिवा चालू होता.

दोन दिवस तुम्ही दवाखान्यात होतात. दोन दिवस त्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. आणि चाची अजूनही शपथेवर सांगते की तुम्हाला रिक्षात बसवायच्या आधी त्या खोलीचं बटण तिनं स्वतः बंद केलं होतं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. बाबांच्या छापखान्यात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलेली मुलगी मी. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं माझी उशी होती. म्हणून मी फक्त एवढंच लिहिते की दिवा चालू होता.

शेवटच्या ट्रेमध्ये, पाण्यात, एक प्रिंट पालथी पडली होती. मे महिन्यातलं सोलापूरचं पाणी, हौदातसुद्धा चहासारखं. मी कागदाची कड धरून प्रिंट उचलली, सुलटी केली, आणि चेहरा कागदावरून सुटला. अख्खा. दुधावरची साय सुटावी तसा. माझ्या हातातला कागद पांढरा होत गेला आणि खाली पाण्यात तो चेहरा आकसत आकसत, दोन्ही डोळे एकमेकांच्या जवळ आणत, ट्रेच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. कोमट पाण्यात फार वेळ राहिलं की कागदावरचा थर सुटतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. माहीत असून मी किंचाळले. बाहेरच्या बायकांना वाटलं, तुमच्यासाठी. चाची दाराबाहेरूनच म्हणाली, "रो ले, रो ले."

तो चेहरा शरणप्पाचा होता. जी प्रिंट काढायला तुम्ही चार महिने नाही म्हणत होतात, तीच ती प्रिंट.

तुमच्यासोबत फिरायला लागले तेव्हा मला वाटलं होतं की मी तुमच्या फोटोंखाली मजकूर लिहीन आणि जग हलेल. पहिल्याच फेरीत कळलं की माझं खरं काम सुटकेस उचलण्याचं आहे. त्या सुटकेसमध्ये तुमची अख्खी डार्करूम होती: तीन ट्रे, लाल बल्ब, दोन बाटल्या, कागदाचं पाकीट, आणि दुधाच्या किटलीत बल्ब बसवून तुम्ही स्वतः बनवलेलं, निगेटिव्ह कागदावर मोठी पाडणारं ते एनलार्जर, ज्याला लेन्स कॅमेऱ्याचीच काढून लावायची. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "चाचा, काय बॉम्ब-बिंब आहे का ह्यात?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "बॉम्ब ही आहे. ह्यात नुसतं पाणी आहे."

सकाळी फोटो काढायचे, दुपारी त्याच गावात कुणाच्या तरी धान्याच्या खोलीत खिडकीला दोन दोन चादरी लावून रोल धुवायचा, आणि गाव सोडायच्या आधी पहिली प्रिंट ज्याचा फोटो त्याच्या हातात ठेवायची. हा तुमचा नियम. त्याआधी ती कुणाला दाखवायची नाही, पेपरला नाही, मला नाही. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं आधीच नाव लिहून ठेवायचात: पहिली कुणाची, दुसरी कुणाची. होटगीत रेल्वेच्या त्या गँगमनच्या म्हाताऱ्या आईनं ओली निगेटिव्ह उजेडाला धरली होती, आठवतं? तिचे पिकलेले केस त्यात काळेभोर दिसत होते. "ह्येच दे की रं बाबा! कागदावर कशाला म्हातारी करतुयास?" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. तिला तुकडा कापून दिलात. मी चिडले होते, निगेटिव्ह कापल्याबद्दल. तुम्ही म्हणालात, "पत्रकबाई, तिचाच चेहरा आहे. तू कोण अडवणारी?"

नियम एकदाच मोडला, मैंदर्गीत, दिवाळीच्या तोंडावर. शरणप्पा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात कामाला होता, गुरुवारी सुट्टीला घरी यायचा. बोनसच्या पैशातून त्यानं घराला नवं बाभळीचं दार बसवलं होतं. त्याला फोटो दाराचाच हवा होता. तुम्ही म्हणालात, दारासोबत दारवाला पण पाहिजे. तो लाजत, एका हाताचा पंजा दारावर पसरून उभा राहिला. महादेवी, त्याची बायको, आतून म्हणाली, "जोरात धरू नगा, पालिश ओलं हाय!" तेवढ्यात लाइट गेली, ती संध्याकाळपर्यंत आली नाही. शेवटची एसटी पकडायची होती. तुम्ही शब्द दिलात, पुढच्या आठवड्यात प्रिंट आणून देतो.

आणि तो रोल सापडेना. सापडणार कसा? भरलेल्या रोलची बाहेर राहिलेली फिल्मची जीभ दुमडून ठेवायची, म्हणजे कोरा कोणता आणि भरलेला कोणता ते कळतं, एवढं एक काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. एसटीच्या घाईत मी जीभ दुमडली नाही. तो रोल कोऱ्या रोलमध्ये जाऊन बसला, आणि आपण दोन महिने सगळीकडे शोधलं, कोऱ्यांमध्ये सोडून.

संक्रांतीनंतर महादेवीचा फोन आला. कारखान्याच्या शेडमध्ये आग लागली होती. शरणप्पा मागच्या दाराशी सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण चिंचोळीला गेलो. महादेवी फाटकाजवळ इतर बायकांत बसली होती. माझा मोबाइल गेटवर काढून घेतला. तुमच्या पिशवीतला कॅमेरा त्यांना खेळणं वाटला. शेडच्या मागे गेलो, तर धुरानं काळं पडलेलं पत्र्याचं दार, आणि त्यावर बाहेरून पितळी कुलूप. तुम्ही एकच फोटो काढलात. तेवढ्यात वॉचमन ओरडला, "ओ बाबा, काय चाललंय?" "काय नाही साहेब, लघवीला आलतो." दुपारी मी चार लोकांना घेऊन परत गेले, तर दाराला कुलूप नव्हतं, कडीही नव्हती. मालक म्हणाला, ते दार कायम उघडंच असतं. कामगार जमिनीकडे बघत राहिले.

तुमच्या घरी आपण तो रोल धुतला. तुम्ही ओली पट्टी बल्बसमोर धरलीत. मग मला दिलीत. काळं तोंड, पांढरे केस, पांढरी बुबुळं. शरणप्पा चिंचोळीच्या त्या दारात उभा होता. त्याच्या अंगातून पत्र्याच्या पन्हाळ्या दिसत होत्या. त्याचा पसरलेला पंजा दारावर होता, आणि कुलूप बरोबर त्या पंजाखाली. तुम्ही कोरा समजून कॅमेऱ्यात भरलेला रोल मैंदर्गीचाच निघाला, एकावर एक दोन फोटो; मी न दुमडलेल्या जिभेनं हे केलं होतं. मेलेला माणूस, जिथे मेला तिथे, आपल्याकडे बघत लाजत उभा.

मला भीती वाटली असेल तर ती अर्धा मिनिट. मग मी म्हणाले, छापू या.

किती वेळा झालं आपलं हे भांडण! तुमच्या स्वयंपाकघरात, एसटी स्टँडवर, एकदा तर चाचीच्या भावाच्या घरी जेवणाच्या पंगतीत.

"चाचा, ह्यात खोटं काय आहे? माणूस खरा. कुलूप खरं."

"माणूस मैंदर्गीत होता. कुलूप चिंचोळीत."

"मेला तर तिथेच ना?"

"मेला तिथं. हसत उभा नव्हता तिथं. मालकाचा वकील बघंल आणि म्हणंल, बनवलेला फोटो आहे. मग कुलूप पण बनवलेलं."

"वकिलासाठी नाही, लोकांसाठी छापायचा! पत्रकावर, मोठा. गाव पेटेल."

"पेटलंय एकदा," तुम्ही म्हणालात. "आणि महादेवीनं बघितल्याबिगर तर नक्को. पहिली तिची."

"मग चला ना तिच्याकडे!"

"जाऊ की. पुढच्या गुरुवारी."

असे किती गुरुवार गेले. मला वाटलं, तुम्ही टाळताय. आज वाटतं, त्या बाईच्या हातात तो चेहरा ठेवायचा कसा, हे तुम्हाला सुचत नव्हतं. दिलेला शब्द असा पाळावा लागेल, असं कुणाला वाटलं असतं? पण शेवटच्या भांडणात मी काय म्हणाले ते लिहिलंच पाहिजे, कारण तुमच्याशिवाय ते कुणी ऐकलेलं नाही. मी म्हणाले, "तुमचं नाव युसुफ आहे म्हणून तुम्ही घाबरताय. मालकाला, पोलिसांना, सगळ्यांना."

तुम्ही ट्रे पुसत होतात. पुसतच राहिलात. "हौ," तुम्ही म्हणालात, "भीती तर वाटते की."

इतकंच. मी चप्पल घातली आणि निघाले. तीन आठवडे आले नाही. तुमच्या त्या वाक्यासमोर माझ्याकडे एकही घोषणा नव्हती, आणि घोषणा नसली की मला बोलता येत नाही. माफी मागायची असते हे मला कळत होतं, पण ते मी आपल्या पुढच्या फेरीवर ढकललं. एसटीत शेजारी बसल्यावर अशा गोष्टी सोप्या होतात, असा माझा हिशोब होता.

चेहरा सुटून गेलेल्या त्या कागदाच्या पाठीवर पेन्सिल शाबूत होती. पहिली, महादेवी. दुसरी, पत्रकबाई.

म्हणजे भीती वाटत असतानाच तुम्ही आत जाऊन लाल दिवा लावलात. छातीत दुखायला लागलं ते त्याच खोलीत, चाची सांगते. दुसरी प्रिंट माझी, म्हणजे तुम्ही हरलात, की तिच्यानंतर निर्णय माझ्यावर सोडलात? मी तो कागद वाळवला. रोज बघते. पेन्सिलीनं त्यापुढे काही लिहिलेलं नाही.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले त्या दिवशी मी सुटकेस, ती निगेटिव्ह आणि कॅमेऱ्याची लेन्स मागितली. चाची म्हणाली, "ले जा. वो लाल बत्ती घर में नक्को." मी अक्कलकोटची एसटी धरली, तिथून मैंदर्गी. शेजारची जागा रिकामी होती. सुटकेस खाली ठेवून मी तिथे उगाच कुणाला बसू दिलं नाही.

महादेवीला मी दाराबाहेरच सगळं सांगितलं. तुम्ही गेलात हे, रोलचं काय झालं हे, जीभ मी दुमडली नव्हती हे, आणि फोटोत शरणप्पा कुठे उभा दिसतो हे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "चाचांनी शब्द दिल्ता. दावा की." घर एका खोलीचं. आम्ही दाराला आतून कडी घातली, त्यावर चादर टांगली, खिडकीवर दोन. भर दुपारी घरात रात्र झाली. मी लाल दिवा लावला. त्या उजेडात तिचं कपाळ, भिंत, धान्याचं पोतं सगळं एकाच रंगाचं दिसायला लागलं. महादेवी पुटपुटली, "यव्वा, रगताचा उजेड हाय ह्यो."

किटलीतून उजेड पाडला, कागद औषधात सोडला, ट्रे हलवत राहिले. आधी पत्र्याचं काळं दार आलं. मग त्याचे केस. मग डोळे आले, कुणाकडे तरी बघणारे. चेहरा अजून भरायचा होता, तोंड आलं नव्हतं. महादेवी ट्रेवर इतकी वाकली की तिचा श्वास औषधावर उमटत होता.

तेव्हा दार वाजलं.

जोरात नाही. पंजा पसरून थापटावं तसं, दोनदा.

"आला आसंल," महादेवी म्हणाली. दूधवाला आल्यासारखं. "आज गुरुवार न्हवं का?"

"कोण आला?"

"गुरुवारी सुट्टी असतीया त्याला. ह्याच टायमाला दार वाजतंय. मी उघडती. कोन नसतंय. तरी बी उघडती." आणि ती उठली.

मी ट्रे सोडून दाराला पाठ लावून उभी राहिले. "थांबा, महादेवीताई. दोन मिनिटं. आत्ता दार उघडलं तर फोटो काळा पडेल."

पुन्हा थाप. चादर किंचित हलली. माझ्या पाठीला लाकूड लागलं होतं आणि ती थाप मला मणक्यात कळली. मला सांगता येईल की वारा असेल, शेजारचं पोर असेल. तेव्हा तसं काहीच सुचलं नाही.

महादेवी माझ्यासमोर उभी होती, तांबड्या अंधारात. ओरडली नाही. तिनं विचारलं, "आतनं किती येळ दार वाजवलं आसंल त्यानं?"

चाचा, मी दार अडवून उभी होते. मी. एका फोटोसाठी.

"उघडा," मी म्हणाले, आणि मीच चादर खाली ओढली.

तिनं कडी काढली. बाहेर पांढरं ऊन. गल्लीत कुणी नव्हतं. समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. मागे ट्रेमध्ये कागद बघता बघता काळा झाला. आधी कडा, मग दार, मग तो. तिनं ते वळून पाहिलं, आणि मग ती उंबऱ्यावर बसली. "दार असू दे उघडं," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. विचारलं, "दुसरी काढू का? निगेटिव्ह आहे अजून."

"माझ्यापुरती काढा नंतर. पत्रकावर नगं."

"का?"

"लोकं भूत बघाय येतील. कुलूप कोन बघनार?" मग ती, भाजीचा भाव सांगावा तशी, सांगत गेली. कुलूप दिवाळीनंतर लावलं. माल चोरीला जातोय म्हणून. चावी सुपरवायझरच्या खिशात. शरणप्पानं दोनदा मागितली, दर गुरुवारी घरी येऊन तेच बोलायचा, आत जीव गुदमरतो म्हणायचा. आणि त्या सकाळी, आपण पोचायच्या आधी, ती एकटी शेडमागे जाऊन आली होती. "हातात धरून बघितलं मी. एवढी आग लागल्ती, पन कुलूप गार हुतं."

"तुम्ही हे कुणाला सांगितलं?"

"कोन इचारलं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी बी आला की त्या दिशी. रोल सापडला का न्हाय, फोटो कसा येनार, ह्येच बोलत बसला दोघं."

चार महिने आपण त्या फोटोवरून भांडलो, चाचा. तुम्ही बरोबर होतात, बनवलेला वाटेल म्हणून. मी बरोबर होते, कुलूप खरं आहे म्हणून. आणि ते कुलूप हातात धरून बघितलेली बाई फाटकाजवळ बसली होती, तिला आपण दोघांनीही विचारलं नाही. तुम्ही निदान तिच्याकडे जायचं ठरवत होतात. मी तर मथळाही लिहून ठेवला होता.

मी वही काढली. ती सांगेल तसं लिहिलं, एकही शब्द माझा घालायचा नाही असं ठरवून. हे मला किती जड गेलं ते तुम्हालाच कळेल. वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं मला थांबवलं. "मालक पापी, आसं मी म्हनले न्हाय. खोडा." खोडलं. मग खाली तिनं कानडीत सही केली, एकेक अक्षर दाबून. निघताना मी तिला तिची प्रिंट काढून दिली, चादरी पुन्हा लावून. दार वाजलं असतं तर पुन्हा उघडलं असतं. नाही वाजलं. तिनं ती प्रिंट सुलटी धरून फार वेळ बघितली आणि त्या कुलपावर अंगठा ठेवला, म्हणजे फक्त तो दिसावा.

पत्रक तयार आहे. फोटो नाही, तिचे शब्द आणि तिची सही. मला भीती वाटते. तुमचं वाक्य वापरते, विचारल्याशिवाय. तुम्हाला भ्यालेले म्हणाले तेव्हा मला ती भावना नुसती वाचून माहीत होती. माफ करा.

सोमवारी महादेवी कामगार कचेरीत येणार आहे. साहेबांसमोर उभं राहून सांगणार आहे. रोल धुवायला मी शिकले, प्रिंट काढायला शिकले, पण कॅमेरा तुम्ही माझ्या हातात कधी दिला नाहीत आणि मी कधी मागितला नाही. ती बोलायला उभी राहील तेव्हा मी तिच्या शेजारी असेन, चाचा. तिचा फोटो काढायला कुणी नसेल.